सुलोचना: तीन कार्डं

१० डिसेंबर २०२२, शनिवार. दुपारची जेवणं उरकत होती तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावानं एक श्रद्धांजली टाकली. मजकूर चोख होता. लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण गेल्या, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती, गिरगावातल्या फणसवाडीत त्यांचं आयुष्य गेलं. फोटो मात्र भलत्याच बाईंचा. पांढरे केस, कपाळावर टिकली, आणि बघणाऱ्यानं आपसूक वाकून नमस्कार करावा असा चेहरा. या सुलोचनादीदी, सिनेमातल्या आई. त्या दिवशी त्या हयात होत्या.

सतरा जणांनी हात जोडले. आत्यानं लिहिलं, "आईच गेली म्हणायची आपली. लावण्यापण म्हणायच्या हे मात्र ठाऊक नव्हतं गं मला."

मी फोटोची चूक दाखवली. दोघांनी 'ओके' केलं, बाकीच्यांनी तोपर्यंत पुढच्या गटांत पाठवून टाकलं होतं. सहा महिन्यांनी, ४ जून २०२३ला, दीदी खरोखरच गेल्या. ग्रुपवर बातमी आली आणि आत्याचा पहिला प्रश्न: "या गेल्या वर्षीच गेल्या ना?" त्यावर दादानं आणखी भर घातली. कुठूनसा एक कृष्णधवल फोटो शोधून काढला. आखूड कापलेले कुरळे केस, कोरलेल्या भुवया, तिरपी नजर. 'दीदी तरुणपणी काय मॉडर्न होत्या बघा!' फोटोखाली बारीक अक्षरात नाव सुलोचना आणि साल १९२८.

१९२८ हे दीदींचं जन्मसाल.

मी ग्रंथालयात तालिकेचं काम करते. म्हणजे पुस्तकं, मासिकं, जुनी गाण्यांची चोपडी यांच्या नोंदी करणं आणि कोणतं काम कोणत्या माणसाच्या नावावर जमा करायचं ते ठरवणं. एका नावाची दोन माणसं असली तर आमच्याकडे त्याला साधा उपाय आहे: नावापुढे जन्मसाल लावायचं. एकाच माणसाची दोन नावं असली तर एका कार्डावरून दुसऱ्या कार्डाकडे 'पाहा' असा बाण द्यायचा. बत्तीस वर्षांत असे शेकडो गुंते सोडवले, पण घरच्या ग्रुपवर तीन बायका एकमेकींत विरघळताना बघून हे प्रकरण मी नेटानं हातात घेतलं. योगायोगानं आमच्याकडे तेव्हाच एका वाचकाच्या घरून जुन्या गाण्यांच्या चोपड्यांचं गाठोडं भेट आलं होतं. थिएटरात मध्यंतरात विकत मिळायची ती पातळ पुस्तकं. त्यांतल्या नऊ चोपड्यांवर नट-नट्यांच्या यादीत किंवा गायकांत नुसतंच 'सुलोचना' होतं. नुसतंच.

पहिलं कार्ड

दादानं पाठवलेला फोटो रुबी मायर्स यांचा होता. जन्म १९०७, पुणे. बगदादी ज्यू घराणं. सिनेमात येण्याआधी त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, आणि हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्या काळी मुंबईत बाईला पगारी नोकरी मिळणं दुर्मीळ होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायकांना जागा होत्या, पण त्या बहुतेक अँग्लो-इंडियन, युरोपीय, ज्यू घरांतल्या मुलींकडे जायच्या, कारण इंग्रजी बोलणं ही पहिली अट. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी सिनेमात यायला विचारलं तेव्हा त्यांनी आधी नकार दिला होता. सिनेमापेक्षा एक्स्चेंजची नोकरी अब्रूची. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. रुबी मायर्स आल्या आणि सुलोचना झाल्या.

असं नाव बदलणं हा तेव्हाच्या धंद्याचा भाग होता. रेनी स्मिथ या सीता देवी झाल्या, एस्थर अब्राहम या प्रमिला, पुढे फ्लॉरेन्स इझिकेल या नादिरा. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. मूकपटात आवाज नाही, संवाद पाटीवर, सगळी भिस्त डोळ्यांवर. नाव काय, जाहिरातच ती. शिवाय रामकथेतली सुलोचना, इंद्रजिताची बायको, शेषाची लेक, प्रेक्षकाच्या कानात आधीच मुरलेली होती. (तिच्यावरचा 'सती सुलोचना' हा १९३४चा पहिला कन्नड बोलपट कोल्हापुरात चित्रित झाला. नोंदी करताना हा बोलपटही मध्ये येऊन उभा राहतो, ते वेगळंच.)

कोहिनूरमधून त्या इंपीरियलमध्ये गेल्या आणि मूकपटाच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याएवढी मोठी नटी दुसरी नव्हती. महिन्याला ५,००० रुपये पगार होता असं सांगतात. १९२७च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये त्यांनी आठ भूमिका केल्या, त्यात माळी होता, पोलिस होता, हैदराबादी गृहस्थही होता. मग १९३१ उजाडलं. पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच इंपीरियलनं काढला आणि नायिका झुबेदा झाल्या. रुबीबाईंची हिंदुस्तानी कच्ची होती, म्हणून ती संधी हुकली असं सांगितलं जातं. त्यांनी काम थांबवलं, भाषा शिकल्या आणि परत आल्या. आपलेच गाजलेले मूकपट त्यांनी बोलून पुन्हा केले. १९२८ची 'माधुरी' १९३२मध्ये बोलू लागली, १९२८ची 'अनारकली' १९३५मध्ये. सगळ्यात गमतीचा नमुना 'इंदिरा'चा. १९२९च्या मूकपटाचं नाव 'इंदिरा बी.ए.', १९३४च्या बोलपटाचं 'इंदिरा एम.ए.'. पाच वर्षांत वाचा फुटली आणि पदवीही वाढली.

पुढे नव्या नायिका आल्या, रुबीबाईंना छोट्या भूमिका मिळू लागल्या. १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३मध्ये त्या गेल्या. पहिल्या कार्डावर मी लिहिलं: सुलोचना (रुबी मायर्स), १९०७–१९८३, अभिनेत्री. यात अवघड काही नव्हतं.

दुसरं कार्ड

खडकलाट हे चिकोडी तालुक्यातलं गाव, आज बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात. तिथल्या रंगूला सुलोचना हे नाव भालजी पेंढारकरांनी दिलं. तिचे डोळे बघून दिलं, असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि दीदींचे डोळे ज्यांनी पडद्यावर पाहिलेत ते यावर वाद घालायला जाणार नाहीत. म्हणजे तीच जाहिरात, वीस वर्षांनी, दुसऱ्या स्टुडिओत. भालजींना आधीची सुलोचना माहीत नसेल असं शक्यच नाही, ते स्वतः मूकपटांपासून सिनेमात होते. पण मुंबईची ती सुलोचना एव्हाना मागे पडली होती, आणि कोल्हापूरच्या मराठी सिनेमाचा बाजारच निराळा. गावात एका नावाचं दुकान असलं म्हणून पलीकडच्या पेठेत त्याच नावानं दुसरं उघडायला कोण अडवतं?

१९४३मध्ये मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये पाय ठेवला, मग जयप्रभा स्टुडिओ आणि भालजींची तालीम. गांधीहत्येनंतरच्या, १९४८च्या जाळपोळीत जयप्रभाही सापडला, त्याच्या पुढच्याच वर्षी 'मीठ भाकर' आला. १९५३चा 'वहिनीच्या बांगड्या' आला तेव्हा दीदी पंचविशीच्या होत्या आणि महाराष्ट्राच्या वहिनी झाल्या होत्या. आणि आई? इथं मला थोडं थांबायचंय, कारण पुढचा मोठा गोंधळ याच शब्दात दडलाय.

१९५९चा 'सुजाता' आठवा. त्यात दीदी शशिकलाच्या आई आहेत. शशिकला सोलापूरची, जन्म १९३२. आई मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी! आणि तरीही पडद्यावर कुठे खटकत नाही. आईची भूमिका म्हणजे वयस्कर नटीनं करायचं उरलंसुरलं काम, असा आपला समज असतो. दीदींनी ते तिशीत पेशा म्हणून उचललं आणि पुढे मराठी-हिंदी मिळून अडीचशेवर चित्रपटांत निभावलं. १९६४च्या 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये त्या जिजाबाई झाल्या. पदराची ठेवण, मान हलवण्याआधी घेतलेला एक श्वास, आवाज कधी वर न नेणं, ही सगळी कारागिरी होती. पण ती इतकी सहज वाटायची की लोक त्यांच्या पायाच पडायचे आणि अभिनयाची स्तुती करायला विसरायचे. पद्मश्री १९९९ची, महाराष्ट्रभूषण २००९चा.

आता नावाची अडचण. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्या कायम नुसत्या 'सुलोचना' राहिल्या. लाटकर हे गावावरून आलेलं आडनाव. वर्तमानपत्रांत ते लागायचं, पडद्यावर नाही. माणसांनी त्यावर आपला तोडगा काढला होता, दीदी. आमची आत्या म्हणते 'घाणेकरांच्या सासूबाई', कारण डॉ. काशिनाथ घाणेकर त्यांचे जावई. हे सगळे हातचे धागे. ते बोलण्यात चालतात, पण तालिकेत 'घाणेकरांच्या सासूबाई' असं कार्ड मला करता येत नाही.

सहकाऱ्यानं सुचवलं, "मॅडम, लाटकर चालत नसेल तर सासरचं आडनाव लावा, म्हणजे त्या लावणीवाल्या बाईंपासून वेगळ्या निघतील."

मी बघितलं. दीदींचे यजमान आबासाहेब चव्हाण. सासरचं आडनाव लावलं तर कार्डावर येणार होतं सुलोचना चव्हाण.

सहकारी चहा आणायला गेला.

तिसरं कार्ड, म्हणजे खरं तर दोन

गिरगावातल्या सुलोचना कदम यांचा जन्म १९३३चा. औपचारिक तालीम नाही, कानानं ऐकलेलं गळ्यात. लहान वयातच त्या हिंदी चित्रपटांत गाऊ लागल्या. १९५१च्या 'ढोलक'मधली श्यामसुंदर यांच्या चालीवरची त्यांची गाणी जुन्या हिंदी गाण्यांचे शौकीन आजही काढून ऐकतात. या शौकिनांशी मी बोलले तेव्हा एक मजेशीर गोष्ट कळली. त्यांच्यातल्या दोघांना सुलोचना कदम माहीत होत्या, सुलोचना चव्हाणही माहीत होत्या, आणि या दोन वेगळ्या गायिका आहेत अशी त्यांची पक्की समजूत होती. एक हिंदीतली, पन्नासच्या आसपास गडप झालेली. दुसरी मराठीतली, लावण्या म्हणणारी. त्यांच्या दृष्टीनं कदमबाई अकाली विझलेलं नाव होतं आणि त्यावर ते हळहळतही होते. वास्तवात कदमबाईंनी दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी लग्न केलं आणि त्यांचं आडनाव बदललं, एवढंच.

पुरुषाच्या बाबतीत हे घडत नाही. लग्नानं कुठल्या गायकाची कारकीर्द दोन कार्डांत फाटली आहे असं मी बत्तीस वर्षांत पाहिलेलं नाही. बायकांच्या कार्डांवर मात्र 'पाहा'चे बाण सतत द्यावे लागतात, आणि जिथे कुणी बाण दिला नाही तिथे अर्धी बाई हरवते.

लावणीकडे त्या वसंत देसाईंच्या संगीतामुळे वळल्या. 'हीच माझी लक्ष्मी'मध्ये हंसा वाडकरांसाठी गायलेली लावणी ही त्यांची सुरुवात. १९६२मध्ये 'रंगल्या रात्री अशा' आला आणि त्यात वसंत पवारांची चाल, जगदीश खेबुडकरांचे शब्द. खेबुडकरांनी सिनेमासाठी लिहिलेली ती पहिलीच लावणी. 'नाव गाव कशाला पुसता' म्हणत ती बाई लगेच सांगूनही टाकते की मी कोल्हापूरची, लवंगी मिरची. त्यानंतर १९६४चा 'सवाल माझा ऐका', १९६५चा 'मल्हारी मार्तंड', आणि मग गणपतीच्या मांडवापासून गावच्या जत्रेपर्यंत कर्ण्यांतून त्यांचाच आवाज. लावणीसम्राज्ञी ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिली. २०१२चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, मग २०२२ची पद्मश्री.

ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष गाताना पाहिलं ते एकच गोष्ट सांगतात: पदर. खांद्यावरून नीट घेतलेला, ढळू न दिलेला. लावणीचा सगळा नखरा, सगळी ठसक गळ्यात. हात नाही, डोळा मारणं नाही. समोर बसलेल्या बाईकडे बघून वाटावं हळदीकुंकवाला आलीय, आणि डोळे मिटले की फडावर बसल्यासारखं वाटावं.

चूक नेमकी कुठून शिरते

तीन कार्डं समोर ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. फोटोची चूक एकाच दिशेनं होते. लावणीच्या आवाजाला दीदींचा चेहरा चिकटतो. दीदींच्या बातमीवर सुलोचना चव्हाणांचा फोटो लागलेला मी अजून पाहिला नाही. कारण पार्श्वगायिकेचा चेहरा प्रेक्षकाच्या मनात नसतोच. 'सोळावं वरीस' म्हटलं की डोळ्यांसमोर जयश्री गडकर येतात. आवाज सुलोचनाबाईंचा, चेहरा पडद्यावरचा. एका कलावतीच्या नावाखाली चेहऱ्याची जागा रिकामी असते, आणि त्याच नावाचा महाराष्ट्रातला सगळ्यात ओळखीचा चेहरा शेजारीच उभा असतो. तो येऊन बसतो. माझ्या चुलतभावानं वेंधळेपणा केला खरा, पण मेंदूनं त्याला आयतं ताट वाढून दिलं होतं.

हा आवाज बिनचेहऱ्याचा ठेवायची सवय धंद्यानंच लावली. एके काळी ७८च्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव छापायचीही पद्धत नव्हती, पात्राचं नाव छापायचे. १९४९च्या 'महल'च्या तबकडीवर लताबाईंच्या जागी 'कामिनी' होतं, ते सर्वांना माहीत आहे. कदमबाई गाऊ लागल्या तो हाच काळ.

आणि कोल्हापूरचं काय? मी ग्रंथालयात येणाऱ्या दहा-बारा वाचकांना सहज विचारलं, सुलोचना चव्हाण कुठल्या? निम्म्याहून जास्त म्हणाले, कोल्हापूरच्या. का, तर त्यांनीच नाही का सांगितलं गाण्यात! गिरगावच्या बाईनं खेबुडकरांचे शब्द इतके खरे करून म्हटले की साठ वर्षांनंतरही लोक तिचा पत्ता तोच समजतात. कोल्हापुरात खरोखर घडलेली सुलोचना ती नव्हेच. ती दुसऱ्या कार्डावर आहे, आणि तिच्या तोंडी लवंगी मिरची कल्पनाही करवत नाही.

दोन अभिनेत्रींमधली गफलत वेगळ्या जातीची आहे, आणि ती मी स्वतः केली. कबूल करायला हरकत नाही.

गाठोड्यातल्या एका चोपडीत १९५३च्या हिंदी 'अनारकली'ची गाणी होती. नामावलीत 'सुलोचना'. भूमिका सलीमच्या आईची. मी डोळे झाकून दुसऱ्या कार्डावर नोंद केली. सुलोचना, आई, पन्नासचं दशक. विचार करण्यासारखं काय आहे त्यात? दोन दिवसांनी तारखा जुळवताना हात थांबला. १९५३ म्हणजे 'वहिनीच्या बांगड्या'चं साल. तेव्हा दीदी पंचवीस वर्षांच्या, तरुण वहिनी. जोधाबाई झालेल्या सुलोचना या रुबी मायर्स, शेहेचाळीस वर्षांच्या, मूकपटात आणि बोलपटात स्वतः अनारकली होऊन गेलेल्या. त्याच गोष्टीत तिसऱ्या खेपेला त्या नायकाची आई होऊन आल्या. दीदी पुढे आई म्हणून इतक्या मोठ्या झाल्या की त्यांच्या आधीच्या सालातल्या आईच्या भूमिकाही मी त्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले. ज्या बाईला मूकपटाची राणी म्हणायचे तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात सुंदर विसंगती मी पुसून टाकली होती, तीही पेन्सिलनं नाही, शाईनं.

तेव्हापासून मी नियम केला की भूमिकेवरून नाव ठरवायचं नाही. आधी साल, मग त्या साली तिघींचं वय, मग भाषा आणि कंपनी, आणि भूमिका सगळ्यात शेवटी. आईची भूमिका कुणाचीही असू शकते.

सिनेमाला ही डोकेदुखी नवी नव्हती. शांतारामबापूंच्या 'शकुंतला'त नुसत्या जयश्री होत्या. मागून आलेल्या जयश्रींनी गडकर हे आडनाव पुढे केलं. त्यांच्याही मागून नृत्यात गाजलेल्या जयश्री तळपदे आल्या तेव्हा त्यांनी तळपदेचा नुसता 'टी' ठेवला. तीन बायका, एक नाव, आणि कुठे गुंता नाही, कारण प्रत्येकीनं नावाला आपापली शेंडी लावली. अमेरिकेत अभिनेत्यांच्या संघटनेचा नियमच आहे की एका नावाचे दोन सभासद चालत नाहीत. मायकेल डग्लस हेच जन्मनाव असलेल्या एका नटाला म्हणून मायकेल कीटन व्हावं लागलं. आपल्याकडे नियम नाही, समजूत असते. सुलोचनांच्या बाबतीत ती समजूत झाली नाही, कारण तिघीही एकमेकींच्या वाटेत फारशा येत नव्हत्या. गुंता झाला तो पुढच्या पिढीच्या यादीत. हयातीत तिघींपैकी कुणाला त्यानं त्रास झाला असेल असं मला वाटत नाही.

आजचं उदाहरण घ्यायचं तर सोनाली कुलकर्णींचं. दोघी अभिनेत्री, दोघी मराठी, दोघींचा पुण्याशी संबंध. एकीची सुरुवात १९९२च्या 'चेलुवी'तून, दुसरी घरोघरी पोहोचली २०१०च्या 'नटरंग'मुळे. धाकटीनं इंग्रजीत नावाच्या शेवटी दोनदा 'ई' लावून फरक केला. इंग्रजी वर्तमानपत्रात तो चालतो. आपण देवनागरीत 'सोनाली' लिहिलं की तो फरक जागच्या जागी विरतो, कारण आपल्याकडे शेवटची वेलांटी आधीपासूनच दीर्घ. मराठी नटीची मराठी ओळख सांभाळायला रोमन लिपी लागावी आणि मराठीत लिहिताना तीच कामी येऊ नये, हे मला जरा लागतं. आमच्याकडे निदान ही वेळ येणार नाही. १९७४ आणि १९८८, दोन जन्मसालं, दोन कार्डं.

काय केलं

तीन मुख्य कार्डं केली. रुबी मायर्स यांचं पहिलं. दुसऱ्यावर सुलोचना लाटकर, १९२८–२०२३, आणि खाली माझ्या हातानं एक ओळ: श्रेयनामावलीत फक्त 'सुलोचना'. तिसऱ्यावर सुलोचना चव्हाण, १९३३–२०२२, गायिका. आणि 'सुलोचना कदम' अशा वेगळ्या कार्डावरून तिकडे बाण. दोघी चव्हाणांमध्ये गल्लत होऊ नये म्हणून दीदींच्या कार्डावर सासरचं नाव मुद्दाम टाकलं नाही. हा निर्णय वादग्रस्त आहे. आमचे साहेब म्हणाले, माहिती लपवायची नसते. मी म्हटलं, लपवली नाही, मागच्या बाजूला लिहिलीय.

नऊपैकी आठ चोपड्या लागल्या. पाच दीदींच्या, दोन सुलोचनाबाईंच्या, एक ती 'अनारकली'.

ग्रुपवर मी तिघींचे तीन फोटो, नावं आणि सालं टाकली. चुलतभावानं अंगठा दिला. दादानं लिहिलं, 'म्हणजे ती मॉडर्न वाली दीदी नव्हती? अरेरे.' आत्यानं फोनच केला.

"अगं, मग ती लावणीवाली कोण म्हणालीस? एकदा आमच्या गावच्या जत्रेत आली होती तीच का? पदर घेऊन बसलेली?"

"तीच असणार आत्या. तू बघितलंयस त्यांना?"

"बघितलंय म्हणजे काय, पुढच्याच रांगेत होते. पण मी तर म्हटलं होतं, या एवढ्या सोज्ज्वळ बाई, या निवेदन करायला आल्या असतील. गाणारी आतून गातेय."

नववी चोपडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुखपृष्ठ फाटलेलं, साल गेलेलं, चित्रपटाचं नाव गेलेलं, छापखान्याचा पत्ता उंदरांनी खाल्लेला. आत पाच गाणी, त्यांतली दोन लावणीच्या वळणाची, आणि शेवटच्या पानावर 'भूमिका व गायन' असं एकत्र छापून त्याखाली नऊ नावं. सहावं नाव सुलोचना.